यूपीएसची लोड टेस्ट घरच्या घरी कशी करायची? सेल्फ-टेस्ट पास होत असेल तर तेवढं पुरेसं नाही का?

नाही, पुरेसं नाही. लोड टेस्ट म्हणजे यंत्रं घेतात तेवढी वीज (लोड) खरोखर ओढून बॅटरी किती वेळ टिकते ते बघणं. सेल्फ-टेस्टमध्ये यूपीएस काही सेकंद बॅटरीवर जातो आणि परत येतो. तेवढा वेळ शेवटच्या घटका मोजणारी बॅटरीसुद्धा तग धरते.

एका ठिकाणी सर्व्हर सांभाळत असताना याच गोष्टीवरून माझं वरिष्ठांशी वाजलं होतं. बॅटऱ्या जुन्या, खोली कायम गरम. शिशाच्या सीलबंद बॅटरीचं तापमान 25 अंशांच्या वर साधारण 10 अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. म्हणून मी म्हणत होतो, सुट्टीच्या दिवशी खऱ्या लोडवर चाचणी घेऊ द्या. साहेबांनी मल्टीमीटर लावून दाखवला, प्रत्येक बॅटरीवर 13.6 व्होल्ट. "बघ, ठणठणीत आहेत." अहो, चार्जर चालू असताना दिसतो तो चार्जरचा व्होल्टेज! जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो आणि तो करंट ओढल्याशिवाय कळत नाही. वर "चाचण्या करूनच बॅटऱ्या खराब होतात" हेही ऐकून घेतलं.

मग एके दुपारी लाईट गेली. सेल्फ-टेस्ट त्याच आठवड्यात पास झाली होती, स्क्रीनवर 20 मिनिटांचा बॅकअप दिसत होता. दोन बीप वाजले आणि अख्खा रॅक बंद. सगळ्या बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला एक साखळीसारख्या जोडलेल्या, त्यातली एक लोड येताच कोसळली, की बाकीच्या चांगल्या असून उपयोग नाही. डेटाबेस लिहिता लिहिता तुटला, तो रात्रभर बसून बॅकअपवरून मी उभा केला. अहवालात काय लिहिलं गेलं? "अचानक बिघाड." यात अचानक काय होतं?

असो. चाचणीला संगणक लावू नका. जुने तारेचे पिवळे बल्ब लावा, 100 वॉटचे चार लावले की 400 वॉट झाले. एलईडी चालणार नाहीत, ते पुरेसा लोडच घेत नाहीत. 1000 व्हीए लिहिलेला यूपीएस बरेचदा 600 वॉटचाच असतो, तेव्हा वॉटचा आकडा बघा. तुमची यंत्रं जेवढे वॉट घेतात तेवढाच लोड ठेवा. निम्म्या लोडवर घेतलेली वेळ दुपटीहूनही जास्त भरते, त्या आकड्यावर विसंबू नका. बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या. प्लग उपटू नका, भिंतीवरचा स्विच बंद करा, म्हणजे अर्थिंग जोडलेलं राहतं. घड्याळ लावा, बल्ब किती वेळ टिकले ती वेळ तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच लोडवर वेळ बरीच कमी आली तर बॅटरी बदला, आणि बदलू न देणाऱ्याच्या हातात तो कागद ठेवा.

चाचणीने बॅटरी खराब होते म्हणणाऱ्यांचं एवढंच खरं आहे, की वारंवार पूर्ण रिकामी केली तर ती झिजते. दर आठवड्याला करायला कोण सांगतंय? वर्षातून एक-दोनदा पुरे.

हे सगळं घरच्या लहान यूपीएसबद्दल. मोठ्याची पेटी उघडू नका, सिरीजमधल्या बॅटऱ्यांचा डीसी जिवावर बेततो. आणि चाचणीनंतर बॅटरी भरायला कित्येक तास लागतात, तोवर लाईट गेली तर बॅकअप मिळेल असं धरू नका.