‘मीच पहिला’मधला ‘च’

जून-जुलैत शाळा आणि पाऊस दोन्ही रुळले की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकाच काळजीचे पालक येऊ लागतात. ‘मॅडम, मोबाइलवर काहीही येतं आणि पोरं ते खरं धरून पुढं पाठवतात. त्यांना खरं-खोटं ओळखायला कसं शिकवायचं?’ पालकसभेत हा प्रश्न येतो, रिक्षाच्या रांगेत येतो, लग्नाच्या पंगतीतही येतो. पूर्वी माझं उत्तर ठरलेलं होतं : तारीख बघायला शिकवा, पाठवणाऱ्याला ‘तुला कुठून कळलं?’ असं विचारायला शिकवा. आजही मी ते सांगते. पण तेवढ्यानं भागत नाही, हे मला आठवीतल्या एका मुलाकडून समजलं. त्याला आपण ओंकार म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कोल्हापुरात जुलैमध्ये पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे, हे शाळकरी पोरंही सांगतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. राधानगरी धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडला की पाच मिनिटांत घरोघर कळतं. ज्यांनी २०१९ आणि २०२१चा महापूर सोसलाय, त्यांचं सामान माळ्यावर चढवायचं की नाही ते या बातमीवर ठरतं. मुलांचं लक्ष मात्र आणखी एका बातमीकडे असतं : उद्या शाळेला सुट्टी आहे का?

त्या संध्याकाळी आठवीच्या मुलांच्या ग्रुपवर सुट्टीच्या आदेशाचा फोटो आला. वर कार्यालयाचं नाव, खाली सही-शिक्का. अर्ध्या तासात तो पालकांच्या ग्रुपवर पोचला, तिथून इतर वर्गांत. दुसऱ्या दिवशी शाळा उघडी होती आणि निम्मे वर्ग रिकामे. पत्र आधीच्या वर्षीचं होतं. ग्रुपवर ते सगळ्यात आधी टाकलं होतं ओंकारनं, आईच्या फोनवरून. आपत्तीच्या काळात खोटी घबराट पसरवली तर आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली शिक्षा होऊ शकते, असं कुणीतरी ग्रुपवर लिहिलं. वडिलांची झोप उडाली.

‘मोबाइल काढून घेतलाय,’ ते मला म्हणाले. ‘एवढं घोडं झालंय, त्याला कळायलाच पाहिजे होतं. सगळ्यांसमोर मान खाली घालायला लावली.’

आई हळूच म्हणाली, ‘भोळा आहे हो तो. त्याला ते खरंच वाटलं असणार.’

पहिल्या दोन भेटींत ओंकार खाली मान घालून बसला. पत्र कुठून आलं, तर ‘ग्रुपवर.’ मग काय केलंस, तर ‘पुढं पाठवलं. सगळेच पाठवतात.’ यापुढे गाडी सरकेना. तिसऱ्या भेटीत मी त्याच्यापुढे कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली. म्हटलं, ‘मी ते पत्र पाहिलंच नाही. कसं होतं, काढून दाखवशील?’

चित्रकला त्याची आवडती. त्यानं मन लावून काढलं. वर बोधचिन्ह, मधे ओळी, खाली गोल शिक्का, त्यात बारीक अक्षरंसुद्धा. उजवीकडचा वरचा कोपरा मात्र मोकळा.

‘इथं काय असतं रे?’

‘जावक क्रमांक.’

‘आणि?’

पेन्सिल तिथंच थांबली. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, ‘तारीख.’

‘तुझ्याकडे आलं तेव्हा होती?’

‘होती.’ आणि मग, कागदाकडे बघतच, ‘मी कापली.’

खोलीत आम्ही दोघंच होतो. इतक्या वर्षांच्या कामानंतरही अशा क्षणी माझ्या जिभेवर ‘का?’ येतो. मी तो गिळला, आणि ते बरं झालं असं मला आजही वाटतं. ‘का’ विचारलं की मूल कारण रचतं. मी विचारलं, ‘कापल्यावर किती वेळानं पाठवलंस?’

‘लगेच.’

‘दहा मिनिटं थांबला असतास तर?’

‘मग दुसऱ्या कुणीतरी टाकलं असतं.’

‘टाकू दे की.’

‘मग मी पहिला कसा?’ त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. ‘मी गडहिंग्लजहून आलोय मॅडम. वर्गात सगळे पहिलीपासून एकत्र आहेत. राधानगरीचा दरवाजा उघडला ते मीच पहिल्यांदा टाकलं होतं. एकवीस अंगठे आले. दुसऱ्या दिवशी सगळे मला विचारत होते, पाणी किती झालं म्हणून.’

एकवीस. त्यानं मोजून ठेवले होते.

आईला वाटत होतं तसा तो फसला नव्हता, आणि वडिलांना वाटत होतं तसा तो टवाळखोरही नव्हता. पत्र जुनं आहे हे त्याला वर्गातल्या कुणाहीपेक्षा आधी कळलं होतं. खरं-खोटं ओळखण्याच्या परीक्षेत मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. त्याला जमलं नाही ते वेगळंच : दुसरा कुणी पहिला होईल, हे दहा मिनिटं सोसणं.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत तयार झालेली आहे. आपल्याला छळतो तो बाहेरच्या प्रसंगापेक्षा आपल्या मनातला हट्ट, हे त्या पद्धतीचं सार. मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो, ‘च’. मीच पहिला. आत्ताच पाठवायचं. वडिलांचं ‘कळायलाच पाहिजे होतं’ हेही त्यातलंच. मी त्या दोघांना समोरासमोर बसवून आपापली वाक्यं ‘च’ काढून पुन्हा म्हणायला लावली. ओंकार म्हणाला, ‘मी पहिला असलो तर आवडेल.’ वडील अडखळले, मग म्हणाले, ‘त्याला कळलं असतं तर बरं झालं असतं.’ तेवढ्यानंच दोघांचे खांदे सैल झालेले मला दिसले.

आता पालकांसाठी. फोन काढून घेण्यानं हे सुटत नाही. गृहपाठ, सूचना, सहलीचे पैसे, शाळेचं सगळं फोनवरच येतं. आज ना उद्या फोन परत हातात जाणार, आणि ती खाज तशीच असणार. सरावानं ती ताब्यात येते. ओंकारच्या घरी आम्ही नियम केला की कुठलीही बातमी आली की दहा मिनिटं फोन पालथा ठेवायचा, आणि तो आईवडिलांनाही लागू. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे मोबाइल, टीव्ही बंद होतात, हे अनेकांनी ऐकलं असेल. भोंगा वाजल्यावर मोठी माणसंही फोन ठेवतात, म्हणून मुलं ठेवतात, असं माझं मत आहे. जे वडील मुलाला गप्प बसवून स्वतः रात्री अकरापर्यंत स्क्रीन सरकवत असतात, त्यांना मी हे स्पष्ट सांगते.

दुसरी गोष्ट, चूक निस्तरण्याची. ओंकारनं फोटो डिलीट केला होता आणि विषय संपला असं त्याला वाटत होतं. पण फोटो कापून नव्यानं पाठवला की तो पुढं पाठवलेला आहे ही खूणही जाते आणि अनेकदा फिरलेल्या मेसेजवर व्हॉट्सॲपनं घातलेली मर्यादाही त्याला लागू होत नाही. बघणाऱ्याला तो मूळ वाटतो. म्हणून ज्या ग्रुपवर खोटं टाकलं, तिथंच ‘ते पत्र जुनं होतं, तारीख मी कापली होती’ असं स्वतःच्या नावानं लिहायचं. हे त्यानं केलं, चार दिवस घेऊन. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनाही तो भेटून आला. त्या दिवशी नेहमीच्या पटाप्रमाणे शिजवलेला भात निम्म्याहून जास्त उरला होता. मावशी रागावल्या नाहीत, फक्त किती किलो तांदूळ होता ते सांगितलं. तो आकडाही त्यानं मला येऊन सांगितला, एकवीस अंगठ्यांसारखाच, पाठ करून.

काही पालक म्हणतात, एका सुट्टीच्या पत्राचं एवढं काय? त्यांना मी राईनपाड्याची आठवण देते. धुळे जिल्ह्यातल्या या गावात १ जुलै २०१८ रोजी जमावानं पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारी टोळी समजून ठार मारलं. आधी कित्येक दिवस तशा अफवा फोनवरून फिरत होत्या. त्या पुढं पाठवणारी मोठी माणसंच होती.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि ती मी सुचवली याचा मला आनंद आहे. मुलाची ‘आधी कळवण्याची’ हौस मारू नका, तिला काम द्या. मुख्याध्यापकांशी बोलून आम्ही ओंकारकडे फाटकाजवळचा बातमीफलक सोपवला. परिपाठात बातम्या वाचल्या जायच्याच. फळा मात्र कधीच कुणी पुसत नव्हतं. अट एकच : कुणाकडून कळलं आणि किती वाजता, हे बातमीखाली लिहायचं, आणि दोन जणांना विचारल्याशिवाय खडू उचलायचा नाही. पहिल्या आठवड्यात तो वैतागला, ‘तोपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं.’ म्हटलं, असू दे. तिसऱ्या आठवड्यात गणिताच्या सरांनी घटक चाचणीची तारीख ग्रुपवर न बघता फळ्यावर बघितली, हे तो मला दारातूनच सांगत आला.

यंदाच्या जुलैत मी त्या शाळेत दुसऱ्या कामासाठी गेले होते. सकाळपासून पाऊस धरलेला, पाणी इशारा पातळीजवळ, सगळ्यांच्या हातात फोन. फाटकाशी पोरांचा घोळका फळ्यासमोर उभा होता. ओंकारचं टपोरं अक्षर :

‘उद्याच्या सुट्टीबद्दल अजून काही कळलेलं नाही. ऑफिसात विचारलं, दुपारी १.१० वाजता. पुन्हा ४ वाजता विचारणार.’