‘अधातू’ या शब्दातला ‘अ’

विचारलेला प्रश्न असा: ‘अधातू’ म्हणजे धातूचा एकही गुण नसलेले मूलद्रव्य असा अर्थ घ्यायचा असेल, तर वीज वाहून नेणारे ग्राफाइट आणि चकाकणारे आयोडीन यांना अधातू म्हणणे चुकीचे ठरत नाही का? आणि लेखन ‘अधातु’ करावे की ‘अधातू’?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘अ’ या उपसर्गात आहे. हा नञ् तत्पुरुष समास असून, संस्कृत वैयाकरणांनी नकारार्थी ‘अ’चे सहा अर्थ सांगितले आहेत. त्यांपैकी तीन येथे उपयोगी आहेत: अभाव, विरोध आणि तदन्यत्व, म्हणजे ‘त्याहून वेगळा असणे’. ‘अपाप’ शब्दात पापाचा अभाव आहे, ‘अधर्म’ शब्दात धर्माचा विरोध आहे, तर ‘अनश्व’ म्हणजे घोड्याहून वेगळा प्राणी. त्यालाही चार पाय असू शकतात. ‘अधातू’मधला ‘अ’ या तिसऱ्या जातीचा आहे. धातूंच्या गटात न बसणारे मूलद्रव्य एवढेच तो सांगतो. धातूचा एखादा गुण त्याच्यात असू नये, असे सांगत नाही. शाळेत मात्र हा ‘अ’ विरोधाचा समजून धातू आणि अधातू यांचे गुण समोरासमोर मांडले जातात आणि मग ग्राफाइट ‘अपवाद’ म्हणून पाठ करावे लागते. मला ही पद्धत पटत नाही.

ग्राफाइटमधील कार्बनचा प्रत्येक अणू आपल्या थरातल्या तीन शेजाऱ्यांशी घट्ट जोडलेला असतो आणि त्याचा चौथा इलेक्ट्रॉन थरभर फिरायला मोकळा राहतो, म्हणून ग्राफाइटमधून वीज वाहते. त्याच कार्बनच्या हिऱ्यात चारही इलेक्ट्रॉन बंधांत अडकलेले असल्याने वीज वाहत नाही; पण उष्णता मात्र हिरा तांब्याहून कितीतरी चांगली वाहून नेतो. तरीही कार्बन अधातूच, कारण रासायनिक वागणूक अधिक भरवशाची खूण आहे. कार्बन जळून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की निळा लिटमस तांबूस होतो, तर मॅग्नेशियमच्या ऑक्साइडने ओला तांबडा लिटमस निळा होतो. अर्थात कार्बन मोनॉक्साइडसारखी उदासीन ऑक्साइडेही आहेत, तेव्हा ही खूणही सर्वस्वी बिनचूक नाही.

याच संदर्भात ‘दुर्वाहक’ हा शब्द नीट पाहण्याजोगा आहे. ‘दुर्’ म्हणजे नकार नव्हे; दुर्वाहक म्हणजे वाईट वाहक, कष्टाने वाहणारा. गंधकाची कांडी उबदार मुठीत धरून कानाजवळ नेली, तर आतून बारीक कडकड ऐकू येते. हाताची ऊब बाहेरच्या थरात शिरते, तो थर प्रसरण पावतो, आतला भाग मात्र थंडच राहतो आणि या ताणाने कांडीला तडे जातात. दुर्वाहक आणि ठिसूळ हे दोन्ही शब्द एकाच वेळी कानांना कळावेत, असे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. ‘ठिसूळ’ हे विशेषण मात्र फक्त स्थायूला लागते. ‘अधातू ठिसूळ असतात’ हे विधान ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा सामान्य तापमानाला द्रव असणारे ब्रोमीन यांच्याबाबतीत चूक नसून निरर्थक आहे. ‘स्थायुरूप अधातू ठिसूळ असतात’ असे लिहावे. तसेच ठिसूळ म्हणजे मऊ नव्हे. हिरा अतिशय कठीण असूनही ठिसूळ आहे आणि सोडियम सुरीने कापण्याइतके मऊ असूनही धातू आहे.

‘धातुसदृश’ या शब्दाविषयीही थोडे सांगायला हवे. सिलिकॉन, जर्मेनियम यांसारख्या मधल्या मूलद्रव्यांसाठी आपण तो ‘मेटॅलॉइड’चा पर्याय म्हणून वापरतो. परंतु बर्झेलियस या स्वीडिश रसायनज्ञाने 1811 साली ‘मेटॅलॉइड’ ही संज्ञा अधातूंसाठीच वापरली होती आणि हा अर्थ पुढे बराच काळ टिकला. जुन्या युरोपीय ग्रंथांतून भाषांतर करताना तेथे ‘धातुसदृश’ लिहिले, तर ऑक्सिजनही धातुसदृश ठरेल.

आता लेखन. तत्सम शब्दांच्या अंती येणारा उकार मराठीत दीर्घ लिहितात, म्हणून ‘धातू’ आणि ‘अधातू’. विभक्तीतही ‘अधातूचा’, ‘अधातूंचे’. पण असा शब्द समासात आधी आला की उकार मुळाप्रमाणे ऱ्हस्व राहतो: धातुसदृश, धातुविज्ञान. त्यामुळे ‘अधातु’ हे सुटे रूप मराठीत शुद्ध नाही. हिंदीत ते तसेच लिहितात, तेथून ते आपल्याकडे येत असावे. आणखी एक सूचना: लाकूड किंवा प्लॅस्टिक यांना ‘अधातू’ म्हणू नये. रसायनशास्त्रात ही संज्ञा मूलद्रव्यांपुरतीच आहे. अशा पदार्थांसाठी ‘धातूखेरीजचे पदार्थ’ असे सरळ लिहावे.