पाच हजार रुपयांत घड्याळ, पेन आणि पत्राचा कागद यांतून गृहस्थी रुबाब साधता येईल का?

आपण लिहिले आहे की पुण्यात पहिली नोकरी लागली आहे, पाच हजार रुपये बाजूला काढता येतील, आणि तेवढ्यात घड्याळ, पेन, पत्राचा कागद व नावाची कार्डे अशी घ्यायची आहेत की माणूस जुन्या वळणाचा, नेटका गृहस्थ वाटावा. आजोबांचे बंद पडलेले एचएमटीचे घड्याळ कपाटात आहे, त्याचे काय करावे, हेही आपण शेवटी विचारले आहे. मी सत्तावीस वर्षे लेखापरीक्षणाचे काम केले. लोकांच्या सह्या, त्यांची पेने आणि सही करताना बाहीतून डोकावणारी घड्याळे पाहण्यात माझे अर्धे आयुष्य गेले आहे. त्यावरून सांगतो की पाच हजार पुरतात. फक्त ते लोक जिथे सहसा खर्च करतात तिथे करू नयेत. घड्याळात पट्ट्याला आणि पत्रात कागदाला आधी पैसे द्यावेत. कंपनीचे नाव आणि पेनाची चकाकी यांचा विचार नंतर करावा.

सुरुवातीलाच एक वर्ज्य गोष्ट सांगतो. दुकानांत आणि फोनवर 'फर्स्ट कॉपी' म्हणून दीड-दोन हजारांत स्विस नावाची घड्याळे मिळतात. ती घेऊ नयेत. ज्याला घड्याळ कळते तो ती दोन हात अंतरावरून ओळखतो आणि ज्याला कळत नाही त्याच्यावर त्या नावाचा परिणामच होत नाही, म्हणजे पैसे दोन्हीकडून वाया. शिवाय खोटे नाव मनगटावर बांधून हिशेबाच्या वहीवर सही करणारा माणूस मला कधीच पूर्ण विश्वासाचा वाटला नाही. हा माझा पूर्वग्रह असेल, पण तो मी सोडलेला नाही.

घड्याळ निवडताना किमतीआधी माप पाहावे. मनगटाभोवती दोरा गुंडाळून घेर मोजावा. तो साडेसहा इंचांच्या आसपास असेल, तर ३६ ते ३८ मिलिमीटर व्यासाचे घड्याळ शोभते. हल्ली दुकानदार ४४ मिलिमीटरचे घड्याळ हातात देऊन 'हेच चालतंय' म्हणतात, तिकडे लक्ष देऊ नये. व्यासापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे पट्टा ज्यांत अडकतो ते चार कान. वरच्या कानाच्या टोकापासून खालच्या कानाच्या टोकापर्यंतचे अंतर मनगटाच्या सपाट भागाबाहेर गेले, की घड्याळ हाताला बांधल्यासारखे न दिसता हातावर ठेवल्यासारखे दिसते. जाडीही पाहावी, कारण शर्टाची बाही घड्याळावरून सहज सरकली पाहिजे. तबकडी पांढरी, मोतिया किंवा काळी असावी. तारखेचे एखादे खण चालेल, पण आत आणखी तीन लहान तबकड्या असतील आणि त्या नुसत्या छापलेल्या असतील, तर ते घड्याळ तिथेच परत करावे.

आता चावीचे, ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारे) की सेलचे? या रकमेत नवे घ्यायचे तर मी सेलचे, म्हणजे क्वार्ट्झ, सुचवेन. सेइको कंपनीने १९६९ च्या २५ डिसेंबरला पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले तेव्हा ते चैनीची वस्तू होते. आज तेच तंत्र दीड हजारात मिळते. आतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, म्हणून साधे क्वार्ट्झही महिन्याला दहा-वीस सेकंदांपेक्षा जास्त चुकत नाही, तर चावीचे चांगले घड्याळ दिवसाला अर्धा-एक मिनिट सहज इकडेतिकडे होते. टायटनची किंवा सोनाटाची साधी, गोल, काट्यांची घड्याळे आणि कॅसिओची काट्यांची साधी मालिका हजार ते अडीच हजारांत येते, आणि त्यांत लाजण्यासारखे काही नाही. कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू हे १९८९ पासून चालत आलेले प्लॅस्टिकचे आकडी घड्याळही मला आवडते. पण ते प्रवासाला आणि रविवारला; मुलाखतीला किंवा कुणाच्या सांत्वनाला जाताना काट्यांचेच असावे. मागच्या झाकणावर '३० मीटर' लिहिलेले असते ते वाचून कोणी पोहायला उतरू नये, कारण त्याचा व्यवहारातला अर्थ हात धुताना उडालेले पाणी सोसते इतकाच आहे.

खरा फरक पट्ट्याने पडतो. स्वस्त घड्याळाबरोबर येणारा पट्टा बहुधा रेक्झिनचा असतो आणि सहा महिन्यांत घडीपाशी सोलपटतो. त्याच्या जागी पाच-सातशे रुपयांचा खऱ्या चामड्याचा, साध्या शिवणीचा, काळा किंवा तपकिरी पट्टा घालावा. कानांमधले अंतर १८ मिलिमीटर आहे की २०, ते मोजून घ्यावे. पिन काढण्याचे अवजार शंभरभर रुपयांत मिळते, आणि ते घरी असले की पट्टा बदलायला दुकानात जावे लागत नाही. कमरेचा पट्टा, बूट आणि घड्याळाचा पट्टा एका रंगकुळातले असले की पुरे. तंतोतंत जुळवण्याचा हट्ट केला की माणूस दुकानातल्या पुतळ्यासारखा दिसू लागतो. आपल्याकडच्या हवेत एक पथ्य मात्र पाळावेच लागते. आषाढ-श्रावणात चामडे ओलसर राहते, त्याला बुरशी धरते आणि घामाचा वास बसतो, म्हणून जून ते सप्टेंबर नायलॉनचा पट्टा घालावा आणि चामड्याचा कपड्यात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा. मी एक वर्ष हे पथ्य मोडले आणि दिवाळीला नवा पट्टा घेतला.

घड्याळ झाले, आता लिहिण्याचे सामान. पेनावर चारशेच्या वर खर्च करू नये. मुंबईच्या एअरमेल आणि वॅलिटी या जुन्या नावांची शाईपेने किंवा पार्करचे व्हेक्टर यांत उत्तम काम होते. अप्पा बळवंत चौकात जाऊन कागदावर आपले नाव लिहून पाहिल्याशिवाय शाईपेन घेऊ नये. आणि लिहून पाहायचे ते देवनागरीत, कारण पेनाच्या दुकानात बहुतेक लोक इंग्रजीत सही करून पाहतात आणि घरी गेल्यावर 'क्ष्म' किंवा 'त्त्व' लिहिताना जोडाक्षर शाईने बुजते हे त्यांच्या लक्षात येते. आपल्या लिपीत गाठी, वेलांट्या, रफार अशी बारीक कामे फार आहेत, म्हणून अक्षर लहान असेल तर बारीक निबच घ्यावे. ड्रॉपरने शाई भरायचे पेन असेल तर ते अर्ध्यावर आले की पुन्हा भरावे. टाकी रिकामी होत आली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते, शाईला बाहेर ढकलते आणि नेमका सहीच्या जागी ठिपका पडतो. हा ठिपका माझ्या दोन शर्टांच्या खिशांवरही आहे.

शाई रोजच्या लिखाणाला कॅम्लिनची निळी पुरते. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी शाईच्या पुडी-गोळ्यांपासून सुरू केलेल्या या उद्योगाने महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांची बोटे निळी केली आहेत, तेव्हा त्यात आपलेपणाही आहे. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की धुऊन जाणारी निळी शाई पत्राला ठीक, पण धनादेश, करारपत्र किंवा कोणत्याही कायम ठेवायच्या कागदाला चालत नाही. ओल्या बोटाने ती पुसली जाते. तिथे कायमस्वरूपी शाई किंवा साधे बॉलपेन वापरावे, आणि त्यात कमीपणा मानू नये.

आता कागद, जो मला सर्वांत जवळचा विषय आहे. झेरॉक्सच्या ७०-७५ जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे कागदाचे दर चौरस मीटरला ग्रॅममधले वजन) कागदावर शाईपेनाने लिहिले की शाई फुटते आणि मागच्या बाजूला उमटते, आणि मग माणूस पेनाला दोष देतो. शंभर जीएसएमचा गुळगुळीत बाँड कागद घ्यावा, बाईंडरकडून मधोमध कापून घ्यावा, म्हणजे ए-४ चे दोन ए-५ होतात. १४८ बाय २१० मिलिमीटरचा हा आकार पत्राला फार देखणा आहे, शिवाय चार ओळी लिहिल्या तरी पान रिकामे वाटत नाही. शंभर पाने वर्षभर पुरतील. खास प्रसंगासाठी पुण्यातच शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, जी १९४० पासून कागद करते. चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या त्या कागदाला असा पोत असतो की त्यावरची निळी ओळ आपोआप भारदस्त होते. मात्र प्रत्येक हातकागद शाईला सारखा नसतो, खळ कमी असेल तर तो टीपकागदासारखा वागतो, म्हणून आधी एकच ताव घेऊन घरी लिहून पाहावे. जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याला हाताने कागद करण्याची जुनी परंपरा होती, हे आपल्याला ठाऊक असेलच. कागदाचा शौक ही आपल्याकडे साहेबाकडून उसनी घेतलेली गोष्ट नाही, एवढेच मला त्यावरून सुचवायचे आहे.

पत्राच्या माथ्यावर नाव छापायचे असेल तर ते लहान आणि एकाच रंगात असावे, खाली पत्ता असावा आणि बाकी काही नसावे. स्वतःच्या नावामागे 'श्री.' लावू नये. तो मान दुसऱ्याने द्यायचा असतो. कार्डांनाही हाच नियम. डिजिटल छपाईत शंभर कार्डे होतात, पण थोडे जास्त देऊन स्क्रीन प्रिंटिंग करून घेतले तर शाई कागदावर किंचित उठून बसते आणि बोटाला जाणवते. लग्नपत्रिकेची नक्षीदार, तिरकी अक्षरे टाळावीत; 'मुक्ता'सारखा साधा देवनागरी टंक फुकट मिळतो आणि छापखान्यात तो चालतो.

कागद आणला म्हणजे पत्र लिहावे लागते, आणि रुबाब दिसतो तो तिथे. ज्यांच्या घरी दोन दिवस राहिलो त्यांना, ज्यांनी नोकरीसाठी शब्द टाकला त्यांना, आणि ज्यांच्या घरात दुःख झाले त्यांना आठवड्याच्या आत पाच-सहा ओळी लिहाव्यात. 'तीर्थरूप' आई-वडिलांना, 'तीर्थस्वरूप' त्यांच्या जागी असलेल्या वडीलधाऱ्यांना, आणि इतरांना 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष' हे मायने आजही वापरावेत, कारण त्यांत नाते पहिल्या ओळीतच ठरून जाते. एक जुना प्रघात मात्र मी सोडला आहे. पती वारलेल्या बाईंच्या नावामागे 'गं. भा.' (गंगाभागीरथी) लिहीत नाही. 'श्रीमती' लिहिले की आदर तेवढाच राहतो आणि वाचणाऱ्याला टोचत नाही. घाईच्या निरोपाला पन्नास पैशांचे पोस्टकार्डही वाईट नाही, फक्त त्यावर शाई बऱ्याचदा फुटते, तेव्हा बॉलपेन घ्यावे.

आता आजोबांचे घड्याळ. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूला घड्याळाचा कारखाना काढला, आणि २०१६ मध्ये सरकारने तो घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला. एचएमटीचे 'जनता' हे मॉडेल असेल तर ते चावीचे, सतरा ज्युएल्सचे (आतल्या चाकांची झीज कमी करणाऱ्या लहान खड्यांचे) असेल, आणि कानाशी धरल्यावर सेकंदाला पाच ठोके देईल. ही यंत्रे साधी आणि दणकट आहेत. बहुतेक वेळा आतले तेल वाळून घट्ट झालेले असते, यापलीकडे बिघाड नसतो, आणि जुना घड्याळजी ते खोलून, धुऊन, तेल घालून चार-पाचशे ते हजार रुपयांत चालू करून देतो. ते चालू झाले तर मी वर सांगितलेले नवे घड्याळ घेऊच नका. वाचलेले पैसे पट्ट्यावर आणि हातकागदावर घाला.

घड्याळ बंद असल्यामुळे 'तसेच दुसरे' संकेतस्थळावरून मागवण्याचा मोह होईल. मी तो केला होता. छायाचित्रात गडद लाल तबकडीचे, 'सत्तरच्या दशकातले, न वापरलेले' असे चावीचे एचएमटी होते. हातात आले तेव्हा भिंगाखाली अक्षरांच्या कडा पसरलेल्या दिसल्या, घासून-घासून कवचाच्या कडा गुळगुळीत झालेल्या दिसल्या, आणि आतले यंत्र दोन घड्याळांचे जोडलेले निघाले. पन्नास वर्षांच्या घड्याळाची तबकडी कालच रंगवल्यासारखी दिसत असेल, तर ती कालच रंगवलेली असते.

म्हणून घड्याळजीकडे जाल तेव्हा तीन गोष्टी आधीच स्पष्ट सांगा. तबकडीला रंग लावायचा नाही, ती पिवळी पडली असेल तरी राहू द्यायची. कवच घासून चमकवायचे नाही. काच मात्र खुशाल बदलावी. आणि एखादा भाग बदलावा लागला, तर जुना भाग कागदाच्या पुडीत बांधून परत द्यायचा.