मदरबोर्ड गेला, हे ठरवलं कुणी?

प्रश्न : आमच्याकडे २०१४ सालचा डेस्कटॉप आहे, चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड. हल्ली सकाळी तारीख भलतीच दिसते, बँकेची वेबसाइट उघडत नाही. पावसाळ्यापासून कधी पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच. दुरुस्तीवाला म्हणतो, ‘मदरबोर्ड गेला.’ हा बोर्ड करतो तरी काय? नुसता तोच बदलून मिळेल का?
— एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण

उत्तर : बाई, एवढ्यावरून बोर्ड गेला असं मी तरी म्हणणार नाही. माझ्या टेबलावर कितीतरी मशिनं हाच शिक्का घेऊन येतात. मला त्याचा राग येतो, कारण त्यापायी चांगली मशिनं भंगारात जातात.

प्रोसेसर, रॅम (कामापुरती मेमरी), हार्ड डिस्क, कीबोर्ड, सगळ्यांचं एकमेकांशी बोलणं बोर्डावरच्या तांब्याच्या रेषांमधून चालतं. तुमच्या बोर्डावर रॅमच्या रेषा सरळ प्रोसेसरकडे जातात. यूएसबी आणि हार्ड डिस्क एच८१ ही चिप सांभाळते. एसएमपीएसकडून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून, येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला सोसत नाहीत, ते दोनच्याही खाली बोर्डच उतरवतो. म्हणून बिघाड कुठलाही असो, नाव बोर्डाचं येतं.

तारखेचं अगदी सोपं आहे. वीज नसतानाही घड्याळ चालावं म्हणून बोर्डावर सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा बटण सेल असतो. इतक्या वर्षांत तो संपणारच. रात्री तुम्ही भिंतीवरचं बटण बंद करत असाल, म्हणून तारीख सकाळीच बिघडलेली दिसते. त्या चुकीच्या तारखेला बँकेच्या साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र वैध ठरत नाही आणि ब्राउझर साइट अडवतो. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

काळ्या स्क्रीनसाठी माझा संशय रॅमवर आहे. आपल्या कोकणातल्या दमट हवेत तिच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. प्लग काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या, पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या पुसा आणि खिटी ‘टक्’ वाजेपर्यंत रॅम दाबून बसवा.

तरीही फरक पडला नाही, तर दुरुस्तीवाल्याला तुमच्यासमोर एक चाचणी करायला लावा. रॅम पूर्ण काढायची, बोर्डाच्या स्पीकर पिनांना छोटा बीपर लावायचा आणि मशीन चालू करायचं. बीप आली तर बोर्ड आणि प्रोसेसर दोघंही जिवंत आहेत. नाही आली, तर दुसरा एसएमपीएस लावून पाहायचा. मगच बोर्डाकडे बोट दाखवायचं.

बोर्ड खरंच गेला असेल, तर नुसता नवा बोर्ड घेऊन भागणार नाही. तुमचा प्रोसेसर एलजीए ११५० सॉकेटचा, म्हणजे बोर्डावरच्या त्याच प्रकारच्या खाचेत बसणारा, आणि रॅम डीडीआर३ या जुन्या प्रकारची. आजच्या बोर्डांवर दोन्ही बसत नाहीत. एकतर त्याच जातीचा वापरलेला बोर्ड शोधायचा, नाहीतर तिन्ही वस्तू नव्या घ्यायच्या. मशीनसोबत आलेल्या विंडोजचा परवानाही सहसा बोर्डाशीच बांधलेला असतो, तेही विचारून घ्या. फोटो आणि कागदपत्रं मात्र हार्ड डिस्कवर असतात. मशीन दुकानात ठेवायची वेळ आली, तर डिस्क काढून घरी ठेवा; बीपची चाचणी तिच्याशिवायही होते.