लोणारचं थोरलं भावंड

पत्र पहिलं : एक बागायतदार, ता. वरुड, जि. अमरावती

ताई, नमस्कार. माझी साडेचार एकर संत्र्याची बाग आहे. मुलगा दोन वर्षांपासून जर्मनीत स्टुटगार्टला नोकरीला आहे. येत्या मे महिन्यात त्याने आम्हां दोघांना बारा दिवसांसाठी बोलावलं आहे. मृग लागायच्या आत परत यायचं आहे. नातेवाईक म्हणतात, एवढ्या दूर जाताच आहात तर पॅरिस, स्वित्झर्लंड, बर्लिन सगळं करूनच या. मुलाने चौदा ठिकाणांची यादी पाठवली आहे. बायकोचे गुडघे दुखतात. ती म्हणते, "मले धावाधाव नाही जमत, दोन ठिकानं पाह्यली तरी चालते." आम्ही माळकरी आहोत. या चौदांतलं काय ठेवावं, काय गाळावं?

उत्तर

भाऊ, वहिनी बरोबर बोलतात. मी त्यांच्याच बाजूची आहे.

मी मेहकरची. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. पहिल्यांदा युरोपला गेले ती एका प्रवासी कंपनीच्या बसने, आठ दिवसांत चार देश. कोलोनचं कॅथेड्रल १२४८ साली बांधायला घेतलं आणि १८८० साली पुरं झालं, हे मी वर्गात किती वेळा सांगितलं असेल! त्याच्यासमोर आम्हांला पंचवीस मिनिटं मिळाली. त्यातली पंधरा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. सहाशे वर्षांचं ते काम मी मान वर करून धड पाहिलंही नाही. बसमध्ये परत बसले तेव्हा मला रडू आलं. नंतर मुलगी उल्मला राहायला गेली आणि मी तिच्याकडे तीन महिने राहिले. तुम्हांला सांगते आहे ते त्या तीन महिन्यांतलं.

यादी समोर घ्या आणि प्रत्येक नावापुढे लिहून पाहा, "इथे गेलो तर मी कोणाला काय विचारीन?" जिथे काहीच सुचत नाही ते नाव खोडा. पॅरिस बहुधा इथेच खोडलं जाईल. स्टुटगार्टहून आगगाडी तीन-सव्वातीन तासांत तिथे पोचवते हे खरं, पण मुक्काम शोधण्यात आणि रांगांत दोन दिवस जातात. बारातले दोन फार झाले. मुलाच्या घरीच मुक्काम ठेवा. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल अशीच गावं घ्या आणि एकाआड एक दिवस घरी राहा. पोरगा कोणत्या गाडीने कामाला जातो, भाजी कुठून आणतो, शेजारी कोण आहे, हेही तुम्हांला पाहायचंच आहे ना?

माझ्या मनातलं पहिलं गाव त्या चौदांत नसेलच. त्याचं नाव न्योर्डलिंगन. स्टुटगार्टहून आलेन या गावी गाडी बदलून साधारण दोन तासांत पोचता. गोल तटबंदीच्या आत लाल कौलांची घरं आणि मधोमध उंच मनोऱ्याचं चर्च. पण मी तुम्हांला तिथे पाठवते आहे ते घरांसाठी नाही. हे अख्खं गाव उल्केच्या विवरात वसलेलं आहे. आपलं लोणार अवघं १.८ किलोमीटर रुंदीचं. धारेवर उभं राहिलं की सगळं एका नजरेत मावतं, म्हणून शाळेची सहल नेली की मुलं लगेच "बाई, वाटीच आहे ही!" म्हणायची. रीस नावाचं हे विवर २४ किलोमीटर रुंद आहे आणि सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी झालेलं आहे. आत उभं राहिलं तर विवर दिसतच नाही, सपाट शेतं दिसतात. दूरवर चारी बाजूंनी टेकड्यांची एक रेघ असते, तीच त्याची कड. मी स्टेशनबाहेर उभी राहून ती रेघ बोटाने गोल फिरवत गेले, तेव्हा अंगावर काटा आला.

लोणारलाही लोक आधी ज्वालामुखीचं तोंड समजत, आणि रीसचंही तसंच होतं. १९६० साली यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या शास्त्रज्ञांना तिथल्या दगडात कोएसाइट नावाचं खनिज सापडलं. ते प्रचंड दाबाखालीच तयार होतं, ज्वालामुखीच्या पोटात नाही. तेव्हा कुठे उल्केवर शिक्कामोर्तब झालं. पुढे १९७० मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर चंद्रावरचे दगड ओळखायला शिकण्यासाठी याच विवरात आले होते. गावात विवराचं संग्रहालय आहे आणि त्यात चंद्रावरून आणलेला दगडही ठेवला आहे. चर्चच्या भिंतीला मात्र हात लावून पाहाच. आघाताने वितळून, भरडून पुन्हा घट्ट झालेल्या खडकाची ती भिंत आहे. त्यात डोळ्यांना न दिसणारे हिऱ्याचे कण असतात. आपल्याकडे लोणारला दैत्यसूदनाचं देऊळ आणि लवणासुराची कथा, तिकडे उल्केने भरडलेल्या दगडाचंच देवघर! आभाळातून पडलेल्या गोष्टीपाशी माणूस दोन्हीकडे देव घेऊन गेला. संग्रहालय आणि चर्च जमिनीलगत आहेत, वहिनींना त्रास नाही. मनोऱ्याला साडेतीनशे पायऱ्या आहेत, तो तुम्ही एकटे चढा. तटावरून गावाभोवती पूर्ण फेरी मारता येते, वर छप्पर आहे. पण तटावर जायलाही जिने आहेत. मी तिथे एक रात्र राहिले होते. रात्री दहानंतर मनोऱ्यावरून पहारेकऱ्याची हाळी येते, ती अजून कानात आहे.

दुसरी जागा तर मुलाच्या शहरातच आहे, होहेनहाइम. १८१५ साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याची राख आणि धूर वातावरणात इतका पसरला की १८१६ साली युरोपात उन्हाळा आलाच नाही. व्युर्टेम्बेर्ग हे राज्य तर उपाशी मेलं. तिथला राजा पहिला विल्हेल्म याने त्यानंतर, १८१८ मध्ये, होहेनहाइमला शेतीचं शिक्षण देणारी संस्था काढली. तीच आजचं विद्यापीठ. त्याच वर्षी सप्टेंबरात कान्स्टाट इथे शेतकऱ्यांचा मेळावाही सुरू केला. तो मेळावा आता मोठी जत्रा झाला आहे, पण धान्याने आणि फळांनी सजवलेला खांब अजून तिथे उभा करतात. तुम्ही तर पापळच्या पंजाबराव देशमुखांच्या जिल्ह्यातले. दिल्लीचं १९५९-६० चं जागतिक कृषी प्रदर्शन त्यांनीच उभं केलं होतं आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ त्यांच्याच नावाचं. दुष्काळानंतर काय उभं करायचं, हा प्रश्न त्या राजापुढेही होता. विद्यापीठाच्या बागेत हिंडायला पैसे पडत नाहीत. ट्रामने जाता येतं, बसायला बाकं भरपूर आहेत. शेतीच्या जुन्या अवजारांचं संग्रहालयही आहे, पण त्याच्या वेळा मोजक्या असतात. मुलाला आधी पाहून ठेवायला सांगा.

तिसरी जागा खास तुमची. स्टुटगार्टहून उल्ममार्गे फ्रीडरिक्सहाफनला थेट गाडी जाते, सव्वादोन-अडीच तासांत. समोर बोडनझे हे मोठं सरोवर, पलीकडच्या तीरावर स्वित्झर्लंड आणि स्वच्छ दिवस असेल तर आल्प्सची बर्फाची शिखरं. नातेवाइकांना स्वित्झर्लंड पाहिलं म्हणून सांगायला तेवढं पुरे. तिथून लांगनआर्गन किंवा क्रेसब्रोनकडे निघालात की दोन्ही बाजूंना सफरचंदाच्या बागा लागतात. झाडं ठेंगणी, तारांना बांधलेली, द्राक्षासारख्या सरळ ओळींत. वर गारपिटीची जाळी. ज्या शिवाराने फेब्रुवारीतली गार एका रात्रीत बहर झोडपताना पाहिली आहे, त्या शिवारातल्या माणसाने ती जाळी कशी ताणतात, कधी उघडतात, कोणत्या खांबांवर उभी आहे हे जवळून पाहावं. कलमाला खुंट कोणता वापरता, हेही विचारा. मी गेले तेव्हा एका म्हाताऱ्या बागायतदाराशी मुलीच्या मदतीने बोलले. त्याने मला विचारलं, संत्र्याचं झाड किती वर्षं फळ देतं, आणि त्याला पाणी किती खोलवरून येतं? मला धड सांगता येईना, ते आजही मनाला लागून आहे. तुम्ही सांगू शकाल. वरुड-मोर्शीच्या बोअरचं पाणी कुठवर गेलं ते तुमच्याशिवाय कोण सांगणार! तुम्हीही त्यांना या सरोवराचं विचारा. याचंच पाणी नळाने स्टुटगार्टपर्यंत जातं आणि सुमारे ४० लाख लोक ते पितात. मुलाच्या घरच्या नळाला येतं तेही बहुधा हेच असेल.

वाटेत शेताच्या कडेला लाकडी मांडणी दिसेल. त्यावर फळं, बटाटे, मधाच्या बाटल्या आणि शेजारी पैशाचा डबा. विकणारा कोणी नसतो. घ्या, पैसे टाका, पुढे जा.

वेळ उरला तर उल्म. उल्मबद्दल मी रात्रभर बोलू शकते. २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत जगातलं सर्वांत उंच चर्च हेच होतं, १६१.५ मीटर. आइनस्टाइन इथेच जन्मला. भाकरीचं संग्रहालय इथे आहे, त्यात भुकेचीही गोष्ट सांगितली आहे. पण तुम्ही सिंहमानव पाहा. मॅमथच्या हस्तिदंतात कोरलेली फूटभर उंचीची मूर्ती, धड माणसाचं आणि डोकं सिंहाचं, वय सुमारे चाळीस हजार वर्षं. १९३९ साली जवळच्याच गुहेत तिचे तुकडे सापडले. तिच्यासमोर उभी राहिले तर मला रामटेकचा केवल नरसिंह आठवला, वाकाटकांच्या काळातला. या दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही, हे मला कळतं. तरी मी हात जोडले. संग्रहालयाचं काम निघालेलं असतं, म्हणून मूर्ती पाहता येईल ना, हे निघण्याआधी मुलाला खात्री करून घ्यायला सांगा.

खाण्याचं सोपं आहे. "ओहने फ्लाइश" म्हणजे मांसाशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करा. श्पेत्सले म्हणजे मैदा आणि अंड्याच्या जाड शेवया. अंडं चालत असेल तर चीज घातलेले श्पेत्सले पोट भरतात, पण वर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे नाहीत ना, विचारून घ्या. मसूरही श्पेत्सलेसोबत मिळतो, मात्र ताटात सॉसेज ठेवून देतात, ते आधीच नको म्हणायचं. माउलटाशन दिसायला मोठ्या करंजीसारखं असतं आणि आत बहुतेकदा खिमा असतो. ते घेऊ नका. मेमध्ये पांढरं शतावरीचं कोंब सगळीकडे मिळतं. २४ जूनला त्याचा हंगाम संपतो. बटाट्यासोबत मागवा, वहिनींना आवडेल. दशम्या आणि चटणी सोबत असू द्याच. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध-भाजी भरून ठेवा.

तिकिटासाठी "डॉइचलांडटिकट" नावाचा महिन्याचा पास काढा. २०२३ मध्ये तो ४९ युरोला सुरू झाला, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो आहे. देशभरातल्या साध्या गाड्या, बस आणि ट्राम त्यावर चालतात. भरधाव आयसीई गाड्या मात्र चालत नाहीत. वर लिहिलेली सगळी गावं या पासात बसतात. तो आपोआप पुढच्या महिन्यात चालू राहतो, म्हणून महिन्याच्या १० तारखेच्या आत मुलाने तो रद्द करायला हवा.

आणि स्वेटर न्या. आपल्याकडे मे म्हणजे पंचेचाळीस अंश, पण तिकडचे शेतकरी ११ ते १५ मे या दिवसांना "बर्फाचे संत" म्हणतात. ते सरेपर्यंत नाजूक रोपं बाहेर लावायची नाहीत असा त्यांचा ठोकताळा, जसा आपला मृगाचा.

पत्र दुसरं : इतिहासाच्या प्राध्यापिका, ता. दिग्रस, जि. यवतमाळ

ताई, एका परिषदेसाठी म्युनिकला जाते आहे. एकच दिवस मोकळा आहे. नॉयश्वानस्टाइनचा किल्ला पाहू की डाखाऊची छळछावणी? घरचे म्हणतात, सुट्टीत असलं दुःख कशाला पाहायचं.

उत्तर

डाखाऊला जा. किल्ला सुंदर आहे. दुसऱ्या लुडविग राजाने १८६९ मध्ये बांधायला घेतला आणि पुरा होण्याआधीच तो वारला. पण जाऊन-येऊन दिवस जातो आणि आत अर्धा तास मिळतो. तो पुढच्या वेळेला ठेवा. डाखाऊ २२ मार्च १९३३ ला सुरू झालं, हिटलर सत्तेवर आल्यानंतर दोन महिन्यांच्या आत. बारा वर्षांत दोन लाखांहून जास्त माणसं तिथे कोंडली गेली आणि किमान ४१,५०० मेली. तुम्ही वर्गात ही तारीख शिकवता. मीही पुस्तकातून शिकवली होती. तिथल्या खडीवरून चालल्यावर, पाडलेल्या बराकींच्या जागी आखलेले नुसते चौकोन एकामागून एक पाहिल्यावर, ती कशी सांगायची हे मला नव्याने शिकावं लागलं.

प्रवेशाला पैसे नाहीत. लोकल गाडीने डाखाऊ स्टेशन आणि तिथून बस. किमान चार तास ठेवा, आणि त्या संध्याकाळी परिषदेचं जेवण वगैरे ठरवू नका. आवारात चालणं खूप आहे आणि सावली कमी, म्हणून पाण्याची बाटली आणि छत्री सोबत असू द्या.