टायमर ‘अचूक’ की ‘नेमका’? आणि मुळात ‘वेळ’ तो की ती?

नागपुरातल्याच अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: “काका, प्रोग्रॅमचा वेग मोजायला कोणता टायमर घ्यावा, यावर मराठीत प्रकल्प-अहवाल लिहितो आहे. चांगल्या टायमरला ‘अचूक’ म्हणू, ‘नेमका’ म्हणू की ‘काटेकोर’? आमचे गाईड म्हणतात, तिन्ही एकच.”

तिन्ही एक नाहीत. ‘नॅनोसेकंदापर्यंत (सेकंदाच्या अब्जांशापर्यंत) अचूक’ हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं, आणि आयटी पार्कात नोकरीला असलेला माझा भाचा ते दिवसातून दहादा म्हणतो. अरे, उत्तरात दशांशचिन्हापुढे नऊ आकडे उमटले म्हणून ते अचूक होत नाही. कळमन्याला धरमकाट्यावर ट्रकसकट गहू तोलतात. तिथला आकडा पाच-दहा किलोंच्या टप्प्याने हलतो. इतवारीतला सराफ मिलिग्रॅम बघतो. पण त्या सराफाचा काटा दर वेळी अर्धा ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर तो काटा बारीक आहे, अचूक नाही. अचूक म्हणजे न चुकणारा, एवढंच. टप्पा किती बारीक आहे, ही निराळी गोष्ट. विंडोजची जुनी टिक-मोजणी सेकंदाला ६४ ठोके देते, म्हणजे टप्पा सुमारे १५.६ मिलिसेकंदांचा. तीन मिलिसेकंदांचं काम तिने मोजलंस तर उत्तर एक तर शून्य येईल, नाही तर पंधरा-सोळा. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला ‘नॅनोटाइम’ हा टायमर तर स्वतःच कबुली देतो: आकडा नॅनोसेकंदांत मिळेल, पण घड्याळ तितक्या बारीक टप्प्याने सरकेलच असं नाही. म्हणून ‘अचूक’ आणि ‘बारीक’ हे दोन शब्द वेगळे ठेव.

‘नेमका’ अहवालात वापरूच नको. ‘नेमका टायमर’ म्हटलं की मराठी माणसाला पुढचं आपोआप ऐकू येतं: “नेमका टायमर तेव्हाच बंद पडला!”

पण तू अडला आहेस तो शब्दच चुकीचा. खरी गंमत ‘वेळ’मध्ये आहे. पुढची दोन वाक्यं मोठ्याने वाच.

“किती वेळ झाली?” “किती वेळ लागला?”

पहिल्यात ती वेळ, दुसऱ्यात तो वेळ. काळाचा एखादा बिंदू असला की स्त्रीलिंग: वेळ आली, वेळ टळली, ठरल्या वेळेला. दोन बिंदूंमधली लांबी असली की पुल्लिंग: वेळ लागला, वेळ गेला, थोड्या वेळाने. शाळेत हे कुणी शिकवलेलं नसतं, तरी आपण बोलताना चुकत नाही. आणि संगणकात नेमकी हीच दोन घड्याळं असतात (हा ‘नेमकी’ मात्र चालेल). एक भिंतीवरच्यासारखं: आत्ता किती वाजले ते सांगणारं. दुसरं मोनोटोनिक, म्हणजे कधीच मागे न जाणारं. लिनक्सवर त्याला ‘किती वाजले’ विचारलंस तर मशीन सुरू झाल्यापासूनचे सेकंद पुढे करील. पहिल्याकडे ती वेळ, दुसऱ्याकडे तो वेळ. पायथॉन या दुसऱ्या भाषेने २०१२ मध्ये ३.३ आवृत्तीत मोनोटोनिक आणि परफ-काउंटर (थोडा वेळ बारीक टप्प्याने मोजणारा) वेगळे काढून दिले, ते याचसाठी. मराठीने ते आधीच लिंगात काढून ठेवलं होतं!

पोरं करतात काय, तर पहिल्याच घड्याळाला दोनदा वेळ विचारतात आणि वजाबाकी करून ‘तो’ वेळ काढतात. बहुतेकदा खपतंही. पण ते घड्याळ नेटवरून जुळवलं जातं, तेव्हा मागे उडी मारू शकतं. मग प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच संपल्याचं उत्तर येतं. १९७२ पासून जागतिक घड्याळात २७ लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घेण्यासाठी जादा सेकंद) घातले गेले. शेवटचा पडला तो आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे, ५ वाजून २९ मिनिटं ६० सेकंदांनी. ६० सेकंद, टंकलेखनाची चूक नव्हे. त्या क्षणी वजाबाकी करणाऱ्याचं काय झालं असेल, ते तूच बघ.

आता हे दुहेरी लिंग आलं कुठून? संस्कृत ‘वेला’ स्त्रीलिंगी. अर्थ सीमा, समुद्राचा किनारा, भरती आणि मग वेळ. किनारा म्हणजे रेघ, म्हणून ‘ती वेळ’ ही काळावरची रेघ. माझा तर्क असा की लांबीच्या अर्थाने बोलताना हा शब्द ‘काळ’च्या संगतीला लागला. काळ पुल्लिंगी, म्हणून तोही पुल्लिंगी झाला. नागपूरकराला समुद्र कुठला, फुटाळा तलाव घे: दोन काठ म्हणजे दोन वेळा, मधलं पाणी म्हणजे तो वेळ.

माझे एक मुद्रितशोधक स्नेही हे मानत नाहीत. त्यांच्या मते ‘वेळ’ स्त्रीलिंगीच, आणि ‘वेळ लागला’ ही ‘समय लगा’ची नक्कल, विदर्भाच्या हिंदीची कृपा. मग पुण्यात आणि कोकणात ‘वेळ लागला’ कोण म्हणतं? आणि ‘थोड्या वेळाने’चं काय करणार? शब्द निव्वळ स्त्रीलिंगी असता तर ‘थोड्या वेळेने’ झालं असतं. ते त्यांनी म्हणून दाखवावं, मी चहा पाजतो. काही कोश तर दोन्ही लिंगं छापून मोकळे होतात, कुठे कोणतं ते सांगतच नाहीत.

हिंदीला दोष द्यायचाच तर ‘टाइम’साठी द्या. “काऊन बाप्पा, किती टाइम झाला?” हे सीताबर्डीवर रोज ऐकू येतं. किती वाजले ते विचारतोय, की किती उशीर झाला ते? ‘टाइम’ने दोन्ही घड्याळं एका खिशात कोंबली.

तुझा प्रश्न राहिलाच. अहवालात लिही: ‘मोनोटोनिक घड्याळ वापरले, त्याचा टप्पा इतका, प्रत्येक चाचणीला लागलेला वेळ असा.’ प्रोसेसरने प्रत्यक्ष कामात घालवलेला वेळ वेगळा दे, कारण प्रोग्रॅम डिस्कची वाट बघत बसला की हा वेळ थांबतो आणि बाहेरच्या घड्याळाचा चालू राहतो. ‘काटेकोर’ तुझ्या नोंदींना लाव, टायमरला नको. आणि गाईडनी ‘लागलेला’ खोडून ‘लागलेली’ केलं, तर त्यांना फुटाळ्यावर घेऊन जा.