विद्यार्थी संघटनेत जिल्हाध्यक्षपदाला उभं राहावं का?

तुम्ही नांदेडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, संघटनेत दोन गट पडलेत, त्यातला एक गट जिल्हाध्यक्षपदासाठी तुमचं नाव पुढं करतोय आणि उभं राहावं का, असं तुम्ही विचारलंय.

राहा की. फक्त आधी एक मोजून घ्या. तुमचं नाव पुढं करणाऱ्यांपैकी किती जण आज वर्गात बसतात, आणि किती जणांचं शिक्षण संपून पाच-सात वर्षं झालीत? दुसरी संख्या मोठी असेल तर ही निवडणूक तुमची नाही, त्यांची आहे.

मी बीड जिल्ह्यात आणि नंतर विद्यापीठात मिळून सहा वर्षं एका संघटनेत होतो. नाव घेत नाही, कारण बाकीच्यांतही फार वेगळं नव्हतं. पद्धती मात्र वेगवेगळ्या. संघ परिवारातल्या अभाविपमध्ये (अखिल भारतीय विद्यार्थी परिषद) अध्यक्ष बहुधा प्राध्यापक असतो, निवड बिनविरोध जाहीर होते आणि खरा वजनदार माणूस म्हणजे पूर्णवेळ संघटनमंत्री. एसएफआय, एआयएसएफ या डाव्या संघटनांमध्ये अधिवेशन भरतं, मावळती कमिटी नव्या नावांचं पॅनेल मांडते. काँग्रेसच्या एनएसयूआयमध्ये 2007 नंतर सदस्यनोंदणी आणि अंतर्गत मतदान आलं, मग फॉर्म कोण किती भरून आणतो यावर सगळं येऊन थांबलं. पक्षांच्या बाकीच्या आघाड्यांत सरळ नियुक्तीपत्र: बुके, शाल, फोटो, संध्याकाळी चौकात बॅनर.

हे असं का, याचं उत्तर संघटनांच्या बाहेर आहे. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं कॉलेजातल्या थेट निवडणुका गेल्या. वर्गात पहिला येणारा तो वर्गप्रतिनिधी, आणि त्या मूठभर पोरांनी कॉलेजच्या विद्यार्थी मंडळाचा सचिव निवडायचा. आमच्या वेळी सचिवाच्या निवडीआधी चार दिवस हे हुशार प्रतिनिधी अचानक ‘सहलीला’ जायचे. आयुष्यात कधी मोर्चात न आलेला, गणितात पहिला आलेला पोरगा जीपमध्ये मधल्या सीटवर दोघांच्या मध्ये बसलेला मी पाहिलाय. बिचारा पुस्तक घेऊन आला होता. पुढं 2016 च्या कायद्यानं थेट निवडणुका कागदावर परत आणल्या, 2019 ला वेळापत्रकही निघालं, आणि विधानसभेच्या तोंडावर ते पुढं ढकललं गेलं. म्हणजे कुणाच्या मागं किती विद्यार्थी आहेत हे मोजायचं मापच राहिलं नाही. माप नसलं की माणूस साहेबांच्या, म्हणजे वरच्या पुढाऱ्याच्या, नजरेत किती भरतो यावर पद मिळतं. म्हणून लढत कट्ट्यावर होत नाही, साहेबांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात होते.

आमच्याकडं भाषणात हमखास एक दाखला येतो: गोपीनाथ मुंडे आणि प्रमोद महाजन अंबाजोगाईच्या कॉलेजातच एकमेकांना भेटले. खरं आहे ते. पण हे सांगणाऱ्या प्रत्येकाला मुंडे व्हायचं असतं, संघटनेची वही लिहायला कुणी तयार नसतं.

आता माझीच गोष्ट सांगतो. जिल्हा अधिवेशन एका मंगल कार्यालयात होतं. स्टेजच्या मागं, जिथं नवरीची खोली असते, तिथं पाच जण बसून यादी करत होते. त्यात विद्यार्थी दोन. कुठला तालुका, कुठली जात, गेल्या वेळी कुणाला डावललं, सगळं उघड बोललं जात होतं. बाहेर मात्र ‘एकमताने’ हा शब्द तयार ठेवलेला. यादी वाचून झाली आणि पाटोद्याकडचा एक पोरगा उठला. म्हणाला, ‘अध्यक्षपदासाठी मी माझं नाव सुचवतो.’ सभागृहात पंख्याचा आवाज तेवढा. संघटनेच्या घटनेप्रमाणे त्याचा हक्क होता. वसतिगृहाच्या मेसचं आंदोलन त्यानंच चालवलेलं, चाळीसेक पोरं त्याच्यासोबत आलेली.

त्याला समजवायला मला पाठवलं, कारण तो माझा रूममेट. मी त्याला चहाला बाहेर नेलं. ‘उगं कशाला ताणायलास? पुढच्या वेळी तुझंच हाय. आन तुला राज्य कमिटीवर घ्यायलेत,’ असं मीच बोललो. त्यानं अर्धा चहा तसाच ठेवला, आत येऊन नाव मागं घेतलं. टाळ्या वाजल्या. मला त्या यादीत सहसचिवपद होतं, हे तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं. महिन्याभरात तो संघटना सोडून गेला आणि त्याच्याबरोबर ते अख्खं वसतिगृह गेलं. पुढच्या मोर्चाला आम्ही बॅनरवर एकोणीस फोटो लावले आणि बॅनरमागं चालायला तेवढीही माणसं नव्हती. फोटो कुणाचा वर, कुणाचा खाली यावरून आदल्या रात्री भांडण झालं होतं, ते वेगळंच.

तेव्हा तुम्हाला करण्याजोगं एवढंच. संघटनेची घटना मागून घ्या, छापील. पुष्कळ पदाधिकाऱ्यांनी ती पाहिलेलीही नसते. अधिवेशनाला प्रतिनिधी कोण आणि ते कुणी ठरवले, ही यादी आठवडाभर आधी हातात असू द्या. त्या दिवशी दारात मिळणारी यादी कामाची नाही. सदस्यांची वही स्वतः ठेवा, गावासकट आणि फोन नंबरासकट. एसटीच्या पासाचं, शिष्यवृत्ती अडकल्याचं काम ज्यांचं केलंत त्यांची नावं त्यात आधी लिहा. मतदान मागायचं असेल तर गुप्त मागा. हात वर करून मतदान असलं की पोरं समोर बसलेल्या साहेबांकडं बघून हात वर करतात.

आणि जो गट तुम्हाला उभं करतोय, त्यानं माघार घ्यायला सांगितली तर काय, हे त्यांच्याशी आजच बोलून ठेवा. बहुतेक वेळा दुसऱ्या गटाकडून काहीतरी सोडवून घेण्यासाठीच नाव पुढं केलेलं असतं.

समजवायला कुणीतरी येईलच, बहुधा जवळचाच. ‘तुला राज्यावर घेतो’ म्हणाला तर विचारा, राज्य कमिटीची शेवटची बैठक कधी झाली आणि कुठं. आमची त्या अधिवेशनानंतर दोन वर्षं झाली नव्हती.